पिशवीतली कावीळ

इतिहास म्हटलं की राजे आणि लढाया. मी रक्ताच्या पिशवीचा इतिहास लिहितोय. मी जिनिंग मिलमध्ये गठाणी उचलणारा, डॉक्टर नाही. वाचून वाचून जुळवलंय.

थॅलेसेमियाच्या लेकराचं अंग पुरेसं रक्त बनवत नाही. दोन-चार आठवड्यांनी दुसऱ्याचं चढवावंच लागतं. तीन आठवड्यांना एक पिशवी धरली तरी दहा वर्षांत 170 च्या वर. म्हणजे तितकी अनोळखी माणसं त्या लेकराच्या अंगात. जात कुणी विचारत नाही. पण एकाच्याही रक्तात काविळीचा विषाणू लपलेला असला, की झालं.

हा विषाणू हाती लागला तोही अशाच एका रुग्णामुळं. अमेरिकेत बारूक ब्लुमबर्ग यांनी, वरचेवर रक्त चढवलेल्या एका हिमोफिलियाच्या रुग्णाचं रक्तजल आणि ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासीचं रक्तजल समोरासमोर ठेवलं. दोन्ही भेटले तिथं रेघ उमटली. हे 1965 ला छापून आलं. ती हिपॅटायटिस-बी ची खूण निघाली. त्यातून तपासणी आली, लस आली. 1976 ला ब्लुमबर्गना नोबेल. त्या द्रव्याला नाव पडलं 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन'. माणसाचं नाही, खंडाचं!

त्याच अमेरिकेत 1942 पासून 1950 पर्यंत रेडक्रॉस काळ्यांचं रक्त वेगळं ठेवायची. रोग ओळखायची सोय नव्हती, रंगाची चिठ्ठी लावायला मात्र सवड होती.

हिपॅटायटिस-सी सापडला 1989 ला. अमेरिकेत दात्यांची तपासणी 1990 ला सुरू. आपल्याकडं सक्ती झाली 2001 ला. मधली अकरा वर्षं मोजा. तेव्हा रक्त विकून पोट भरणारे होते. उपाशी, बेकार, आपलेच भाऊबंद. सुप्रीम कोर्टानं 4 जानेवारी 1996 ला निकाल दिला, 1 जानेवारी 1998 पासून रक्तविक्री बंद. लोक अजून त्या विकणाऱ्यांनाच शिव्या देतात. मला पटत नाही. न तपासता पिशवी पुढं करणारा कोण होता?

आपला हिंगोली जिल्हा 1 मे 1999 ला परभणीतून निघाला. म्हणजे जिल्हासुद्धा त्या सक्तीपेक्षा जुना. पैनगंगा ओलांडली की विदर्भ. तिथं सिकलसेल बौद्ध आणि आदिवासी वस्त्यांत फार. त्यातही कित्येकांना वरचेवर रक्त लागतं. मे 2022 मध्ये नागपुरात थॅलेसेमियाची चार लेकरं एचआयव्ही बाधित निघाल्याची बातमी आली. दूषित रक्तातून. एक दगावलं. कावीळही त्याच वाटेनं येते.

तपासणी असून कसं? सी ची नेहमीची तपासणी विषाणूला शोधत नाही, अंगानं त्याच्याविरुद्ध बनवलेलं द्रव्य शोधते. ते दिसायला दोन-दोन महिने जातात. 'नॅट' तपासणी थेट विषाणू धरते, म्हणून लवकर सापडतो. पण ती महाग. नागपूरची बातमी आली तेव्हाही देशात सक्तीची नव्हती.

14 एप्रिलला शिबिर घेता ना? मग रक्तपेढीला आधी विचारा, नॅट करता का. आणि वस्तीत रक्त लागणारं लेकरू असेल तर त्याचं कार्ड बघा: बी ची लस पुरी झाली का, सी ची तपासणी शेवटची कधी झाली. सी निघाला तर बहुतेकांचा तीन महिन्यांच्या गोळ्यांनी जातो. 28 जुलै 2018 ला सुरू झालेल्या सरकारी कार्यक्रमात त्या फुकट आहेत.