हॉवर्डची बाहुली

३० मार्च १९९२ च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये ६४ वा ऑस्कर सोहळा झाला. आपल्याकडे तेव्हा ३१ ची सकाळ झाली होती. आपल्याला तो सोहळा आठवतो तो सत्यजित रायांमुळे. कलकत्त्याच्या इस्पितळात पलंगावर पडल्यापडल्या, हातात बाहुली धरून त्यांनी केलेलं ते छोटंसं भाषण... तिथे स्टेजवर ऑड्री हेपबर्न त्यांच्याबद्दल बोलली होती. पुढे महिन्याच्या आत, २३ एप्रिलला राय गेले.

त्याच रात्री आणखी एक बाहुली दिली गेली, आणि ती घ्यायला तर माणूसच उरला नव्हता. तिच्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही, म्हणून हे लिहितेय.

सिनेमा होता डिस्नेचा 'ब्युटी अँड द बीस्ट'. माझ्या भाचीला तो तोंडपाठ आहे, पण तिला (आणि तिच्या आईलाही!) हे माहीत नसेल की 'सर्वोत्कृष्ट चित्रपट' या मुख्य ऑस्करसाठी नामांकन मिळालेला हा पहिला ॲनिमेशनपट. त्या काळी नामांकनं पाचच असायची. हा पाचात बसला. त्याआधी जानेवारीत विनोदी किंवा संगीतमय चित्रपटाचा गोल्डन ग्लोबही त्याने पटकावला होता, आणि तोही ॲनिमेशनपटाला पहिल्यांदाच मिळत होता.

तोवर चित्रांच्या सिनेमाला मान मिळायचा तो लेकराला उचलून घेतात तसा. १९३९ साली 'स्नो व्हाइट'साठी वॉल्ट डिस्नेला खास ऑस्कर दिलं, ते काय, तर एक मोठी बाहुली आणि सोबत सात छोट्या! द्यायला कोण, तर शर्ली टेंपल, वय वर्षं दहा. गोड आहे सगळं. पण पंगतीत मोठ्यांबरोबर पान मांडायचं नाही, शेजारी वेगळं पाटावर बसवायचं, असा तो प्रकार.

१९९२ मध्ये हे पान मोठ्यांच्या पंगतीत मांडलं गेलं, आणि माझ्या मते त्याचं श्रेय एका माणसाला सगळ्यात जास्त जातं. हॉवर्ड ॲशमन. बाल्टिमोरचा, १९५० चा जन्म. मूळचा नाटकवाला. ॲलन मेंकेन चाली बांधायचा आणि हा शब्द लिहायचा. या जोडीचं १९८२ चं 'लिटल शॉप ऑफ हॉरर्स' हे नाटक न्यूयॉर्कात तुफान चाललं होतं. मग डिस्नेने 'द लिटल मर्मेड'साठी दोघांना बोलावलं.

'ब्युटी अँड द बीस्ट' आधी गाण्यांशिवायच बनत होता. १९८९ मध्ये ती आवृत्ती फारच उदास वाटते म्हणून मोडीत काढली आणि ॲशमनला पाचारण केलं. त्याने काय केलं? मूळ परीकथेत नसलेली बोलकी मेणबत्ती, घड्याळ, किटली यांना माणसं बनवलं, गोष्ट बीस्टच्या बाजूनेही सांगायला लावली आणि सगळ्याची बांधणी ब्रॉडवेच्या संगीतिकेसारखी केली.

इथे जरा थांबते, कारण मुद्दा हाच आहे. आपल्या संगीत नाटकात पद सुरू झालं की गोष्ट बऱ्याचदा तिथेच उभी राहते. गायक रंगतो, वन्समोअर येतो, लोक खूश. त्यातही मजा आहेच. ॲशमनच्या घराण्यात मात्र गाणं संपतं तेव्हा गोष्ट पुढच्या टप्प्यावर पोचलेली असायला हवी. सुरुवातीचं 'बेल' हे गाणं बघा. काही मिनिटांत गाव कळतं, पुस्तकात डोकं घालून चालणारी मुलगी कळते, गावाचं तिच्याबद्दलचं मत कळतं आणि तिच्या मागे लागलेला गॅस्टनही कळतो. नुसत्या संवादांत हे सगळं बसवायचं तर किती प्रसंग लिहावे लागले असते! परीक्षकांनी 'सिनेमा' म्हणून ज्याला दाद दिली, ती मला वाटतं ही बांधणी होती. चित्रं सुंदर होतीच, पण सुंदर चित्रं त्याआधीही होती.

आणि हे सगळं तो करत होता ते मरता मरता. मार्च १९९० मध्ये 'मर्मेड'मधल्या गाण्यासाठी त्याला नि मेंकेनला ऑस्कर मिळालं. त्यानंतर न्यूयॉर्कला परतल्यावर त्याने मेंकेनला सांगितलं की आपल्याला एड्स आहे. डिस्नेची मंडळी कॅलिफोर्नियाहून न्यूयॉर्क राज्यातल्या फिशकिल गावी, त्याच्या घराजवळच्या हॉटेलात येऊन काम करू लागली. ते का, हे सुरुवातीला बहुतेकांना ठाऊकच नव्हतं. तेव्हा हा आजार सांगायचा म्हणजे नोकरी, मित्र, सगळंच पणाला लावायचं.

निर्माता डॉन हान पुढे सांगत असे तो शेवटच्या दिवसांतला प्रसंग. अर्धवट झालेल्या सिनेमाचा पत्रकारांसाठीचा खेळ जोरात झाला होता, म्हणून मंडळी इस्पितळात गेली. ॲशमनचं वजन पार उतरलेलं, दृष्टी गेलेली. हान म्हणाला, सिनेमा मोठा चालणार, कुणाला वाटलं होतं असं? ॲशमनचं उत्तर होतं की मला वाटलं होतं.

१४ मार्च १९९१ ला तो गेला. वय ४०.

सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवात सिनेमा अपुराच दाखवला, साधारण ७० टक्के रंगवलेला, बाकी नुसती पेन्सिलची रेखाटनं. लोक उठून टाळ्या वाजवत राहिले. नोव्हेंबरमध्ये तो प्रदर्शित झाला. त्याच महिन्यात बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सनने आपल्याला एचआयव्ही असल्याचं जाहीर केलं आणि फ्रेडी मर्क्युरी (आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला फारूख बलसारा) एड्सने गेला. सिनेमाच्या शेवटी, श्रेयनामावलीत, 'मित्र हॉवर्ड'ला तो अर्पण केलाय. थेटरातून लोक ते यायच्या आत उठतात, काय करणार.

तर ऑस्कर. एकूण सहा नामांकनं: चित्रपट, ध्वनी, पार्श्वसंगीत आणि गाण्याच्या पाच जागांपैकी तब्बल तीन. मुख्य बक्षीस 'सायलेन्स ऑफ द लँब्स'ने नेलं, म्हणजे बीस्टला हरवलं ते एका नरभक्षकाने :) मेंकेनला पार्श्वसंगीताचं मिळालं. गाण्याच्या स्पर्धेत ब्रायन ॲडम्सचं ते 'एव्हरीथिंग आय डू' होतं, जे त्या काळात कुठूनही कानावर पडायचं. तरी शीर्षकगीत जिंकलं.

हॉवर्डची बाहुली घ्यायला त्याचा जोडीदार बिल स्टेजवर गेला. घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसा शांतपणे बोलला, आणि एड्सने गेलेल्या माणसाला मिळालेलं हे पहिलं ऑस्कर असल्याचं त्याने सरळ सांगितलं. जगभर टीव्हीवर चाललेल्या कार्यक्रमात, १९९२ साली, एका पुरुषाने आपल्या गेलेल्या जोडीदाराबद्दल असं उभं राहून बोलणं... एवढ्या दिव्यांत तर अजूनच अवघड असणार. मला त्या रात्रीचा सगळ्यात मोठा क्षण हाच वाटतो.

पुढे मेंकेन इतका जिंकू लागला (१९९३ ला 'अलादिन') की अकादमीने चार वर्षं पार्श्वसंगीताचे दोन भाग करून पाहिले. विनोदी-संगीतमय एकीकडे, गंभीर दुसरीकडे. मग २००१ च्या सिनेमांपासून ॲनिमेशनपटांसाठी स्वतंत्र ऑस्कर आलं. पहिलं मिळालं 'श्रेक'ला, म्हणजे डिस्नेच्या परीकथांची टर उडवणाऱ्या आणि 'ब्युटी अँड द बीस्ट'चाच शेवट उलटा करणाऱ्या सिनेमाला! या स्वतंत्र बक्षिसाने छोट्या, परदेशी ॲनिमेशनपटांचं भलं झालं हे खरं. पण पुन्हा शेजारी वेगळा पाट मांडला गेला हेही खरं. 'अप' आणि 'टॉय स्टोरी ३' मुख्य पंगतीत बसले ते जागा पाचाच्या दहा केल्यावर. पाचांतली जागा मिळवलेला ॲनिमेशनपट हा एकच.

हॉवर्डने मागे आणखी गाणी ठेवली होती. 'अलादिन' ही कल्पनाच मुळात त्याने डिस्नेच्या गळी उतरवलेली. त्यातलं जिनीचं 'फ्रेंड लाइक मी' त्याचं, आणि १९९३ ला त्यालाही नामांकन मिळालं. समोर त्याच सिनेमातलं 'अ होल न्यू वर्ल्ड' होतं, चाल मेंकेनची आणि शब्द टिम राइसचे, कारण हॉवर्ड नव्हता म्हणून मेंकेनला नवा गीतकार घ्यावा लागला होता. बाहुली त्या गाण्याला मिळाली.