रक्षकांचीं गाऱ्हाणीं

वसईचें नांव निघालें कीं वाचकांस चिमाजीअप्पांची 1739 ची मोहीम आठवते. तो किल्ला आज ओसाड आहे. वसई-विरारच्या रहिवाशांचें रक्षण आतां दोन निराळ्या वर्गांकडे आलें आहे. एक, 2009 सालीं स्थापन झालेल्या महानगरपालिकेचें अग्निशमन दल. दुसरा, 2020 पासून मीरा-भाईंदरसह एका आयुक्तालयाखालीं आलेले पोलीस. 23 एप्रिल 2021 च्या पहांटे विरारच्या एका रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला, तेव्हां दोघेही धांवले. परंतु पगार, पाळी व रजा ह्यांविषयीं संघ करून धन्याशीं बोलण्याची सोय ह्यांपैकीं एकासच आहे.

आग विझविणारास ती मिळाली नागपुराच्या एका तंट्यामुळें. तेथील महापालिकेचें म्हणणें असें कीं, नगराचा कारभार हा उद्योग नव्हे. सबब नोकरांचा कलह औद्योगिक ठरत नाहीं. 1960 सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें अमान्य केलें आणि अग्निशमन खात्यासही उद्योगांत गणलें. उद्योग ठरला कीं 1947 च्या औद्योगिक कलह कायद्याचें दार उघडें. पगार, भत्ते, कामाचे तास, विश्रांति, रजा, पाळ्या, शिस्तीचे नवे नियम, इतकेंच नव्हे तर एका पाळींत माणसें किती, ह्यांत बदल करावयाचा तर धन्यानें 21 दिवस आधीं सूचना द्यावी, असा त्याचा दंडक होता. सूचना म्हणजे संमति नव्हे, हें खरें. पण तेवढ्या अवधींत संघास हरकत घेतां येई. नोव्हेंबर 2025 मध्यें त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेनें घेतली. सूचनेचा दंडक मात्र राहिला.

पोलिसांची गोष्ट निराळी. राज्यघटनेच्या 33 व्या कलमानें त्यांचे मूलभूत हक्क आंखडण्याची मुभा संसदेस दिली, व 1966 च्या कायद्यानें परवानगीवांचून कामगारसंघांत जाण्यास त्यांना बंदी झाली. महाराष्ट्रांत तरीही शिपायांची संघटना उभी राहिली होती. गिरणी-संप चालू असतांनाच, 18 ऑगस्ट 1982 रोजीं, सरकारनें तिची मान्यता काढली व पुढाऱ्यांस पकडलें. शिपाई रस्त्यावर आले, मुंबईंत दंगल उसळली, लष्कर बोलवावें लागलें. कायदा राखणारानेंच तो मोडावा, ह्याचें समर्थन आम्ही करणार नाहीं. परंतु संपास बंदी करणें आणि तोंडास कुलूप घालणें ह्या एकच गोष्टी आहेत काय? इंग्लंडांतही 1918 व 1919 सालीं पोलिसांचे संप झाले. तेथील सरकारनें 1919 च्या कायद्यानें संघास मनाई केली, पण त्याच कायद्यानें शिपायांच्या निवडलेल्या प्रतिनिधींचें मंडळही निर्माण केलें. आमच्याकडे त्यांतील पहिला भाग तेवढा उचलला गेला.

पुढें 2016 सालीं मुंबईच्या देवनार ठाण्यांत आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. त्याची योजना एका शिपायानें मांडली होती, व ती आयुक्तांस पसंत पडली.