पगार सोडून मांडलेला ‘देवाचा दरबार’ : सातारा, १९१७

१/
सातारा जिल्हा म्हटले की प्रतापगड, प्रतिसरकार किंवा कोयनानगरचे धरण आठवते. याच जिल्ह्याच्या मुख्य गावी १९१७ साली पंचावन्न वर्षांच्या एका मराठी कवीने मिशनचा पगार सोडून नवे बिऱ्हाड मांडले. कवीचे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक. आपल्या वाट्याला आलेल्या कार्याचा जाब कोणाला द्यायचा, हा त्या निर्णयामागचा प्रश्न होता.

२/
हा प्रश्न ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायात एक दृष्टांत येतो. परदेशी निघालेला धनी तीन चाकरांकडे आपले द्रव्य सोपवतो. दोघे ते वाढवतात. तिसरा भीतीपोटी जमिनीत पुरून ठेवतो. धनी परतल्यावर तो एक पैही न हरवता सारे परत करतो आणि तरीही दोषी ठरतो.

३/
मूळ कथेतले ‘टॅलंट’ हे वजनाचे व द्रव्याचे परिमाण होते. अंगच्या गुणाला इंग्रजीत ‘टॅलंट’ म्हणू लागले ते याच दृष्टांतामुळे. शिकवण सरळ आहे: देणगी देवाची, मशागत माणसाची. न वापरलेली देणगी सुरक्षित राहत नाही, वाया जाते.

४/
या विचाराला श्रमाचीही जोड होती. संत पौल तंबू तयार करण्याचा धंदा करीत असे. १६ व्या शतकात मार्टिन लूथरने सांगितले की देवाचे पाचारण केवळ मठवासीयांना नसते. चांभार, शेतकरी, दाई यांचे प्रामाणिक कामही पाचारणच होय.

५/
महाराष्ट्रात हा विचार एका पेचात सापडला. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ पासून मुंबईत सुरू झाले. जात आणि घर सुटलेल्या नवख्रिस्ती माणसाला मिशनची नोकरी हाच पुष्कळदा आधार असे. हळूहळू पाळक, शिक्षक, प्रचारक हे सारे परदेशातून येणाऱ्या पैशावर अवलंबून राहू लागले.

६/
धोका मिशनच्या धुरीणांनाही दिसत होता. बोस्टनहून कारभार पाहणारे रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात आले. स्थानिक मंडळीने स्वतःचा खर्च, कारभार आणि प्रसार स्वतः सांभाळावा, हे त्यांचे धोरण. तत्त्व मान्य झाले. व्यवहार मात्र संथ राहिला.

७/
टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा, घराणे चित्पावन ब्राह्मणांचे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्यापासून दुरावल्या. काही वर्षांनी त्या परतल्या आणि पुढे स्वेच्छेने ख्रिस्ती झाल्या.

८/
टिळकांची देणगी कवितेची होती. तोवर मराठी चर्चमध्ये पाश्चात्त्य चालींवरच्या भाषांतरित गीतांचा भरणा असे. टिळकांनी अभंग, ओवी, भजन, कीर्तन ही वारकऱ्यांची साधने उपासनेत आणली. त्यांची शेकडो पदे मराठी चर्चमध्ये रुजली आणि आजही गायली जातात. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक होते.

९/
मान होता, वेतन होते. तरी १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली. पगारी माणसाच्या तोंडून आलेला धर्म शेजाऱ्याला विकतचा वाटतो आणि परक्या पैशावरची मंडळी आपल्या पायांवर उभी राहत नाही, ही त्यांची खंत होती. मिशनऱ्यांशी त्यांचे वैर नव्हते. स्नेह टिकूनच होता.

१०/
साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तेथे एकत्र यावेत, ही कल्पना. स्वतः त्यांनी ख्रिस्ती संन्यासाची वाट धरली. ही वाट हिंदुस्थानी परंपरेतली होती.

११/
याची किंमत मात्र घराने मोजली. नियमित मिळकत थांबली, आणि टिळकांचा हात मुळातच सढळ. त्यांच्या उदारपणापायी संसाराची कशी ओढाताण होई, ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त विनोदाच्या आवरणाखाली स्पष्ट दिसते. एकाच्या पाचारणाचा भार दुसऱ्यावर किती पडावा, हा प्रश्न त्या दृष्टांतात नाही; टिळकांच्या घरात होता.

१२/
९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. दरबाराला जेमतेम दोन वर्षे मिळाली आणि त्यांच्यामागे तो फार काळ टिकला नाही. संस्था म्हणून हिशेब मांडला तर हा प्रयोग फसला.

१३/
पण मागे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे पडले होते. लग्नाच्या वेळी अक्षरओळख नसलेल्या, पतीच्या लहरी शिकवणीतून कसेबसे वाचायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि ६४ अध्यायांची भर घालून पूर्ण केले. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाले. आज ते मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणले जाते.

१४/
दृष्टांतातल्या तिन्ही चाकरांना त्यांचा वाटा निदान मोजून मिळाला होता. लक्ष्मीबाईंच्या हाती तो कोणी मोजून दिला नव्हता. चुलीपाशी, स्थलांतरांत आणि वियोगात त्यांनी तो स्वतः शोधला आणि वाढवला. साताऱ्यातील दरबार विस्मृतीत गेला. त्या घरातली ही मशागत मराठी वाचकाच्या हाती उरली.