मुलाम्याखालचे पोलाद : विंचेस्टरच्या स्मारक-रायफलींचे मोल

आपल्या जुन्या घरांतून एखादे कपाट असे असतेच, की ज्यातल्या वस्तू वापरायच्या नसतात आणि टाकायच्याही नसतात. बडोद्याच्या घरात १९३६ च्या हीरक महोत्सवाची एखादी आठवण निघते, दुसऱ्या कुणाकडे टांकसाळीच्या डबीतली स्मारक-नाणी निघतात. दिवाळीच्या आवराआवरीत कुणी तरी विचारतो, ‘आज याचे काय येतील?’ आणि थोरली मंडळी मोठा आकडा सांगून डबी पुन्हा आत ठेवून देतात.

वाचकहो, हाच प्रश्न मला अमेरिकेतून विचारला गेला. माझा भाचा कनेक्टिकट राज्यात, न्यू हेवन शहराजवळ राहतो. त्याच्या शेजारच्या वृद्ध बाईंचे यजमान वारले. ते तिथल्या बंदुकीच्या कारखान्यातले जुने कामगार. घराच्या माळ्यावर तीन लांबट पेट्या निघाल्या आणि प्रत्येक पेटीत एकेक रायफल. ‘या नातवंडांच्या शिक्षणाला होतील,’ असे यजमान नेहमी म्हणत. मामाला जुन्या हत्यारांच्या इतिहासाचा नाद आहे हे भाच्याला ठाऊक. त्याने छायाचित्रे पाठवली आणि विचारले, ‘बाईंना काय सांगू?’

उत्तर द्यायला मला शंभर वर्षे मागे जावे लागले.

ऑलिव्हर विंचेस्टर हा मुळात सदऱ्यांचा कारखानदार. एका डबघाईला आलेल्या बंदूक-कंपनीत त्याने पैसे घातले, आणि तिथल्या बेंजामिन टायलर हेन्री या कारागिराने १८६० मध्ये चापाभोवतीच्या कडीने चालणारी रायफल सिद्ध केली. कडी खाली ढकलली की रिकामे काडतूस बाहेर, वर ओढली की नवे आत. एकेक गोळी भरून झाडण्याच्या त्या काळात ही गोष्ट जादूसारखीच होती. १८६६ मध्ये कंपनीने मालकाचे नाव घेतले. त्या वर्षीच्या रायफलीचा मधला भाग पिवळ्या धातूचा, म्हणून लोक तिला ‘यलो बॉय’ म्हणू लागले. पुढे १८७३ चा नमुना आला आणि तो सात लाखांवर खपला. जॉन ब्राउनिंगच्या बुद्धीतून निघालेला १८९४ चा नमुना तर सत्तर लाखांवर गेला. अमेरिकेतल्या शेतकऱ्याच्या दाराआड, गुराख्याच्या खोगिराला, शिकाऱ्याच्या खांद्यावर जी रायफल असे ती बहुधा हीच. थंडीपावसात भिजलेली, दस्त्यावर चरे पडलेली.

आता एक चमत्कारिक गोष्ट पाहा. १८७० नंतरच्या दशकात कंपनीने जाहीर केले, की चाचणीत ज्या नळ्यांचा नेम विशेष अचूक येईल त्यांच्या रायफली जास्त नजाकतीने सजवून त्यांवर ‘वन ऑफ वन थाउजंड’, म्हणजे हजारात एक, असे कोरून देऊ. किंमत शंभर डॉलर. गिऱ्हाईक फार मिळाले नाही. उरलेल्या नऊशे नव्याण्णव मग कशा, असा प्रश्न लोकांना पडत असावा असे म्हणतात. १८७३ च्या नमुन्यात अशा जेमतेम एकशे तीस-पस्तीस निघाल्या आणि योजना बारगळली. ज्यांनी घेतल्या त्यांनी त्या वापरल्या. कुणी मोडल्या, कुणी विकल्या, पुष्कळांना आपल्याकडे काय आहे याचा पत्ताही नव्हता. १९५० मध्ये जेम्स स्टुअर्टचा ‘विंचेस्टर ’७३’ हा चित्रपट आला. त्याच्या प्रसिद्धीसाठी चित्रसंस्थेने उरलेल्या अशा रायफलींचा जाहीर शोध मांडला, तेव्हा लोक आपापली कपाटे धुंडाळू लागले. आज त्यांतली एखादी अस्सल रायफल लिलावात आली तर मोटारगाडीच्या नव्हे, घराच्या भावाने जाते.

ही आठवण कारखान्याने पुढे व्यापारात आणली, असे मला वाटते. पण त्याआधी १९६४ सालाकडे पाहिले पाहिजे, कारण या विषयाचे खरे मर्म त्या सालात आहे.

विंचेस्टरच्या जुन्या रायफलीतले सुटे भाग अखंड पोलादातून कोरून काढीत. मजुरी वाढली, खर्च परवडेना. १९६४ मध्ये कंपनीने रचनाच बदलली. काडतूस वर उचलणारी पट्टी पत्र्यातून ठोकून काढलेली, खिळ्यांच्या जागी पोकळ गुंडाळलेल्या पिना, आणि नळी व दस्ता यांना जोडणारा मधला ठोकळा, ज्याला रिसीव्हर म्हणतात, तो निराळ्या धातूचा. या नव्या धातूवर नेहमीची निळसर काळी झिलई नीट चढेना, म्हणून मुलाम्याचा आधार घ्यावा लागला. शिकारी हळहळले. अमेरिकेच्या बाजारात ‘प्री-सिक्स्टीफोर’, म्हणजे चौसष्टपूर्व, हा शब्द तेव्हापासून रूढ आहे. आपल्याकडे ‘जुन्या टांकसाळीचे’ म्हणताना जो स्वर लागतो, तोच त्या शब्दाला लागतो.

आणि नेमक्या त्याच १९६४ साली वायोमिंग राज्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त विंचेस्टरची पहिली स्मारक-रायफल निघाली. ती सुमारे दीड हजारच होती. दोनच वर्षांनी कंपनीच्या नावाच्या शताब्दीची ‘सेंटेनियल ’६६’ आली. तिचा रिसीव्हर सोन्याच्या मुलाम्याचा, जुन्या ‘यलो बॉय’ची आठवण करून देणारा, आणि ती एक लाखावर विकली गेली. १९६८ मध्ये बफेलो बिलच्या नावाची, तीही लाखावर. १८६९ मध्ये पूर्व-पश्चिम रेल्वे जोडली गेली तेव्हा ठोकलेल्या सोनेरी खिळ्याच्या स्मरणार्थ १९६९ मध्ये ‘गोल्डन स्पाइक’. मग थिओडोर रूझवेल्ट, मग गुराखी, मग टेक्सास. १९८१ मध्ये चित्रपटनट जॉन वेनच्या नावाची सुमारे पन्नास हजार. आत यंत्र तेच, चौसष्टनंतरचे. वर सोने, निकेल, पदके आणि कोरीव काम. कंपनीचा हेतू काय होता हे मी सांगणार नाही. इतकेच म्हणतो, की ज्या वर्षी पोलाद हलके झाले त्याच वर्षी मुलाम्याचे दिवस सुरू झाले.

या रायफली सव्वाशे डॉलरच्या आसपास मिळत. हजारो घरांनी त्या घेतल्या आणि न झाडता जपून ठेवल्या. घोटाळा इथेच आहे. ‘हजारात एक’ दुर्मिळ झाली, कारण ती जपायची असते हे कुणाला ठाऊक नव्हते. स्मारक-रायफल प्रत्येकानेच जपली, म्हणून ती कधी दुर्मिळ झालीच नाही. मागणी मात्र तेवढीच, उलट ज्यांना बफेलो बिलचे वेड होते ती पिढी ओसरत चालली. साधारण सेंटेनियल किंवा बफेलो बिल आज कोऱ्या स्थितीत काही शे डॉलरना जाते. सव्वाशेचे सातशे-आठशे झाले म्हणून कुणी खूश होईल. पण १९६८ चा एक डॉलर म्हणजे आजचे सुमारे नऊ. हिशेब आपणच करून पाहावा. चरे पडलेली, पण चौसष्टपूर्वीची साधी १८९४ कित्येकदा तिच्या बरोबरीने किंवा तिच्याहून वर विकली जाते, कारण ती घेणारा उद्याच रानात नेऊ शकतो. स्मारक-रायफलीने एक गोळी झाडली की ती स्मारकही राहत नाही.

तेव्हा पारख कशी करायची, ते मी भाच्याला लिहिले. पहिला प्रश्न, एकूण किती निघाल्या? दीड हजारांच्या वायोमिंगचा हिशेब लाखाच्या सेंटेनियलला लागू नाही. जॉन वेनच्या रायफलीला चित्रपटप्रेमींचे गिऱ्हाईक अजून आहे, तो अपवाद. मग पेटी. आतली पेटी, बाहेरचे वेष्टन, कागदपत्रे, आणि पेटीवरचा क्रमांक रायफलीशी जुळतो का, हे पाहणे. मग भिंग घेऊन बसावे. स्क्रूच्या खाचा चेपल्या असतील तर कुणी तरी ती उघडली आहे. कडी एकदा जरी पूर्ण चालवली तरी घासणाऱ्या जागी रेघ उमटते. बोटांच्या घामाने मुलाम्याखाली गंजाचे ठिपके धरतात. चामड्याच्या म्यानात ठेवलेली तर हमखास गंजते. काही झाले तरी पॉलिश करू नये, आपल्याकडे पूजेच्या चांदीला रांगोळीने घासतात तसे तर मुळीच नाही. बफेलो बिल लांब आणि आखूड अशा दोन नळ्यांत निघाली; जोडी असेल तर फोडू नये. शेवटी, दुकानातल्या चिठ्ठीवरचा भाव हा मालकाची इच्छा असतो. लिलाव संपल्यावर नोंदलेला आकडाच पाहावा, आणि त्यातूनही लिलाववाल्याचे कमिशन जाते.

कारखान्याची जुनी दप्तरे आता वायोमिंगमधल्या कोडी गावच्या संग्रहालयात आहेत. क्रमांक कळवला की तिथून नोंदीचे पत्र मिळते. ‘हजारात एक’च्या बनावट रायफली पुष्कळ फिरतात, त्यांना या पत्रावाचून कुणी हात लावत नाही. पण ही सोय जुन्या क्रमांकांची. साठ-सत्तर सालच्या स्मारक-रायफलींसाठी नव्हे. योगायोग असा, की बफेलो बिल रायफलींच्या विक्रीतला काही भाग याच संग्रहालयाच्या उभारणीला गेला. न्यू हेवनचा तो कारखाना २००६ मध्ये बंद पडला. आता त्या नावाच्या कडीच्या रायफली जपानात होतात.

भाच्याने हे सारे बाईंना समजावून सांगितले. नातवंडांच्या शिक्षणाला नव्हे, एका सत्राच्या पुस्तकांना पुरेल इतके येतील, हे ऐकून त्या काही वेळ गप्प बसल्या, असे त्याने लिहिले. परवानाधारक दुकानदार घरी आला. बफेलो बिल आणि गोल्डन स्पाइक कोऱ्या निघाल्या, त्याने त्या घेतल्या. तिसरी, सोनेरी सेंटेनियल, त्याने उजेडात धरली आणि कडीखालची रेघ दाखवली. एकदा-दोनदा नव्हे, शेकडो वेळा चालवलेली कडी. गोळी मात्र एकही झाडलेली नाही, नळी आरशासारखी. भाव निम्म्यावर येईल, तो म्हणाला.

बाईंना हसू आले. रात्री जेवण झाल्यावर यजमान माळ्यावर जात आणि वरून ठराविक खटका ऐकू येई, तो कसला हे त्यांनी चाळीस वर्षे कधी विचारले नव्हते. ती रायफल त्यांनी विकली नाही. पेटीत परत न घालता दिवाणखान्यात ठेवून घेतली, आणि दुकानदाराला चहा विचारला.