छत्री घ्यावी का?

गाडीच्या विम्याचं नूतनीकरण आलं की मी आकडे न बघता पैसे भरून मोकळा होतो. यंदा बघितले. कारण मागच्या महिन्यात पॉटलकला एका दादाने (बे एरियात वीस वर्षं काढलेला, स्वतःचं घर, दोन मुलं) सगळ्यांदेखत विचारलं, "तू अंब्रेला घेतलीस का रे?" मी म्हटलं, कॅलिफोर्नियात पाऊस पडतो कुठे? सगळे हसले. दादा नाही हसला.

आपल्या चुकीने दुसऱ्याला इजा झाली तर गाडीचा किंवा घराचा विमा एका ठराविक आकड्यापर्यंत भरपाई देतो. अंब्रेला त्या आकड्याच्या पुढे सुरू होते. बहुधा दहा लाख डॉलरपासून. भाडेकरूलाही मिळते.

बाबांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, "थर्ड पार्टी आहे ना? मग झालं!" पुण्यात बसून त्यांचं बरोबरच आहे. आपल्याकडे थर्ड पार्टी विम्यात जखमी किंवा मृत माणसाच्या भरपाईला वरची मर्यादा नसते, न्यायाधिकरण ठरवेल ती रक्कम कंपनी देते. इथे मात्र पॉलिसीवर आकडा छापलेला असतो. तो संपला की पुढे तुम्ही आणि तुमचं नशीब.

आता तो आकडा आला कुठून? गाडीचा विमा सक्तीचा करणारं पहिलं राज्य मॅसॅच्युसेट्स. कायदा १९२५चा, अंमल १९२७पासून. एका जखमी माणसामागे किमान ५,००० डॉलर. तेव्हा नवी कोरी फोर्ड मॉडेल टी ३०० डॉलरच्या आसपास मिळायची, म्हणजे रक्कम चांगलीच घसघशीत होती. कॅलिफोर्नियाने १९६७ साली किमान आकडा १५,००० केला. आणि मग? मग काही नाही. २०२४ संपेपर्यंत तो तसाच! महागाई धरली तर तेव्हाचे १५,००० म्हणजे आजचे जवळजवळ १,४०,०००. कुणीतरी एक कॉन्स्टंट हार्डकोड करून गेला आणि सत्तावन्न वर्षं त्या फाइलला कुणी हात लावला नाही. जानेवारी २०२५पासून तो ३०,००० झालाय. इथे एका ऑपरेशनलाही ते पुरतील याची खात्री नाही. माझ्या पॉलिसीवर हाच किमान आकडा होता.

पण खरा धक्का मला गाडीने नाही, एका नळाने दिला. सॅन फ्रान्सिस्को, १९६३. भाड्याच्या घरात राहणाऱ्या एका बाईंकडे पाहुणा आला. बाथरूममधल्या नळाची चिनी मातीची मूठ तडकलेली होती. बाईंनी घरमालकाला महिनाभर आधी सांगितलं होतं, पाहुण्याला सांगायचं राहिलं. मूठ फुटली आणि त्याच्या उजव्या हाताच्या कंडरा आणि नसा तुटल्या. जुना नियम असा की पाहुण्याने घर जसं आहे तसं स्वीकारायचं. खालच्या कोर्टाने त्यानुसार दावा काढून टाकला. १९६८ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला ('रोलंड विरुद्ध ख्रिश्चन'). माणूस कोणत्या नात्याने घरात आला हे महत्त्वाचं नाही, तुम्ही वाजवी काळजी घेतली का ते बघायचं. हे ठरवताना कोर्टाने जे मुद्दे मोजले त्यात एक हा होता: अशा धोक्याचा विमा मिळतो का, कितीला पडतो, किती लोक घेतात.

ते वाक्य मी दोनदा वाचलं. मला वाटायचं जबाबदारी आधी आली आणि विमा तिच्यामागून. इथे विमा सहज मिळतो म्हणून जबाबदारी रुंद झालीये! बाकीच्यांनी छत्र्या घेतल्या की बिनछत्रीवालाही भिजायला पात्र.

रूममेट म्हणतो, "तुझ्याकडे आहे काय, लोक दावा लावायला?" गाडी जुनी, घर भाड्याचं, खरंय. पण इथला पैशाचा निकाल दहा वर्षं टिकतो, पुढे वाढवूनही घेता येतो आणि पगारातून कापला जातो. माझी इस्टेट म्हणजे माझा पुढचा पगार. तोच तर विम्याबाहेर आहे.

असो. शनिवारी बसलो. अंब्रेला देण्याआधी कंपनी गाडीची मर्यादा वाढवायला लावते, ती वाढवली. मग फॉर्म. स्विमिंग पूल आहे का? नाही. कुत्रा? नाही. ट्रँपोलिन?? नाही बाबा. वर्षाचे काही शे डॉलर, भरले.

शॉवरच्या तडकलेल्या काचेबद्दल फॉर्ममध्ये प्रश्न नव्हता. ऑगस्टमध्ये अपार्टमेंटच्या ऑफिसला ईमेल केलीये, अजून कुणी आलेलं नाही. रविवारी पाहुणे येणार होते. काचेला पॅकिंगची टेप लावली आणि वर कागद चिकटवला, मराठीत आणि इंग्रजीत: हात लावू नका.