पडद्यावरची गायब रेघ : गेम बॉयच्या दुरुस्तीतून उलगडणारा इतिहास

१/ जुना गेम बॉय सुरू केला की कित्येकदा पडद्यावर एक-दोन उभ्या रेघा रिकाम्याच राहतात. विकणारा त्याला 'खराब पीस' म्हणतो. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्याच रेघेत १९८९ सालचा एक निर्णय वाचता येतो. ती रेघ का नाहीशी होते, ती परत कशी येते आणि ती परत आणताना काय गमावण्याचा धोका असतो, याविषयीचा हा थ्रेड.

२/ आरंभ कॅल्क्युलेटरपासून होतो. १९७०च्या दशकात जपानी कंपन्यांच्या स्पर्धेमुळे कॅल्क्युलेटरची एलसीडी काच अतिशय स्वस्त झाली. निन्टेन्डोचे अभियंते गुन्पेई योकोई यांनी त्याच काचेचा उपयोग करून १९८०मध्ये 'गेम अँड वॉच' ही खेळण्यांची मालिका आणली. जुने, मुरलेले, स्वस्त तंत्रज्ञान घ्यावे आणि त्याचा नवा उपयोग शोधावा, हे त्यांचे सूत्र होते.

३/ २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये आलेला गेम बॉय याच सूत्राचे अपत्य होता. १६० बाय १४४ ठिपक्यांचा पडदा, करड्या छटांच्या चार पायऱ्या, चार पेन्सिल सेल आणि दिवा नाही. आधी निवडलेली साधी काच अस्पष्ट दिसत असल्याने अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी ती नाकारली आणि तिच्या जागी अधिक ठळक चित्र देणारी एसटीएन जातीची काच आली. गेम बॉयची ओळख ठरलेला पिवळसर हिरवा रंग ही कुणा चित्रकाराची निवड नव्हती. तो त्या काचेचा स्वभाव होता.

४/ त्याच काळातील प्रतिस्पर्धी रंगीत होते. अटारीचा लिंक्स १९८९मध्ये आला, सेगाचा गेम गिअर १९९०मध्ये. दोघांच्याही पडद्यामागे दिवा होता आणि दोघेही सहा सेल काही तासांत संपवत. गेम बॉय चार सेलवर त्यांच्या कितीतरी पट टिके. बाजाराने टिकाऊपणाच्या बाजूने कौल दिला : गेम बॉय आणि त्याचा रंगीत वारसदार मिळून ११ कोटी ८० लाखांहून अधिक नग विकले गेले.

५/ आता त्या गायब रेघेकडे वळू. काचेवर १६० उभ्या आणि १४४ आडव्या अतिसूक्ष्म वाहक पट्ट्या असतात. त्यांना संदेश देणारी लवचीक फीत काचेच्या कडेला उष्णतेने चिकटवलेली असते. तिथे सोल्डरचा टाका नसतो. तीन दशकांच्या उष्णतेने, थंडीने आणि आपटण्याने तो चिकटा सुटतो. एक जोड सुटला की एक रेघ जाते. उभी रेघ गेली तर दोष खालच्या कडेला, आडवी गेली तर बाजूच्या कडेला. पडदा स्वतःच आपल्या दोषाचे ठिकाण सांगतो.

६/ उपायही त्या रचनेतूनच निघतो. कन्सोल उघडून, तो चालू ठेवून, सोल्डरिंग आयर्नचे कमी तापवलेले टोक फितीच्या त्या कडेवरून हळुवार फिरवतात. चिकटा मऊ होऊन पुन्हा बसतो आणि रेघा एकेक करून परततात. उष्णता जास्त झाली किंवा टोक एका जागी रेंगाळले, तर फीत जळते आणि जी एक रेघ गेली होती तिच्यासोबत आणखी दहा कायमच्या जातात.

७/ प्रत्येक दोष पडद्याचा नसतो, हे ओळखणे हीच निदानाची पहिली पायरी. सुरुवातीचे बोधचिन्ह वेडेवाकडे उमटून यंत्र थबकले, तर बहुधा कार्ट्रिजचे संपर्क मळलेले असतात. यंत्र ते चिन्ह कार्ट्रिजमधूनच वाचते आणि पडताळते. चित्र लुकलुकत असेल किंवा यंत्र मधेच बंद पडत असेल, तर गंजलेले सेलचे संपर्क किंवा मळलेले पॉवरचे बटण तपासावे. आवाज येतो पण चित्र नाही, अशा वेळी आधी डावीकडचे कॉन्ट्रास्टचे चाक फिरवावे. त्यानेही फरक पडला नाही, तर एलसीडीला लागणारा वेगळा विद्युतदाब पुरवणाऱ्या छोट्या बोर्डावर मल्टिमीटर लावावा.

८/ पराभूत प्रतिस्पर्ध्याचा आजार वेगळा आहे. गेम गिअरमधील कपॅसिटर कालांतराने गळतात. चित्र फिके पडते, आवाज क्षीण होतो. तिथे काचेला हात लावून उपयोग नाही, कपॅसिटरच बदलावे लागतात. एकाच दशकातील दोन यंत्रे दोन वेगळ्या कारणांनी म्हातारी होतात, कारण त्यांच्या निर्मात्यांनी दोन वेगळ्या पैजा लावल्या होत्या.

९/ दिव्याचा अभाव मात्र खेळाडूंना कायम सलत राहिला. निन्टेन्डोने १९९८मध्ये 'गेम बॉय लाइट' काढला, तोही केवळ जपानपुरता. २००१चा गेम बॉय ॲडव्हान्सही दिव्याविनाच आला. २००३च्या एसपी मॉडेलपर्यंत जगभरच्या खेळाडूंनी वाट पाहिली, आणि काहींनी वाट न पाहता स्वतःच यंत्र उघडून आत दिवा बसवायला सुरुवात केली.

१०/ मूळ गेम बॉयमध्ये हे काम नाजूक असते. काचेच्या पाठीला पोलरायझर आणि परावर्तक थर चिकटलेला असतो. तो पातीने सोलायचा, उरलेला चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, मग एलईडीचा फलक आणि नवा पोलरायझर आत सरकवायचा. पोलरायझर ९० अंशांनी फिरला तर काळ्याचे पांढरे होते. काही कारागीर तो मुद्दाम असा फिरवतात आणि एक छोटी इन्व्हर्टर चिप जोडून चित्र पुन्हा सुलटे करतात. त्यामुळे काळा रंग अधिक गडद उठतो. सोलताना फीत ओढली गेली, तर गायब रेघांची तीच जुनी कथा नव्याने सुरू होते.

११/ आज बहुतेक जण मूळ काच काढून आधुनिक आयपीएस पडदा बसवतात. तिथले दोष साधेच असतात : फीत वाकडी बसणे, किंवा ॲडव्हान्समध्ये चुकीची फीत निवडणे. त्याचे मदरबोर्ड ४० आणि ३२ पिनांचे, अशा दोन प्रकारांत आले; म्हणून किट घेण्याआधी बोर्ड पाहावा लागतो. चित्र लखलखीत येते. परंतु एक गोष्ट निसटते. जुनी काच संथ होती, हलणाऱ्या वस्तूमागे सावली रेंगाळे. काही खेळांच्या निर्मात्यांनी हाच दोष कामी आणला : एखादी आकृती एका फ्रेममध्ये दाखवायची, पुढच्या फ्रेममध्ये लपवायची, म्हणजे संथ काचेवर ती पारदर्शक भासे. वेगवान पडद्यावर तीच आकृती नुसती लुकलुकते. जे आज बिघाड वाटते, ते मुळात कौशल्य होते.

१२/ येथे खरा प्रश्न उभा राहतो. ती मूळ काच आता कुणी बनवत नाही. बदलून फेकलेल्या प्रत्येक पडद्याबरोबर तो खेळ १९८९मध्ये कसा दिसत होता याचा एक साक्षीदार कमी होतो. उलट, न उघडता कपाटात ठेवलेले यंत्रही सेलच्या गळतीने आतून कुजते. जीर्ण पोथीला जपणूककार हात लावतो, पण आपला प्रत्येक स्पर्श परत फिरवता यावा अशी काळजी घेतो. तोच दंडक येथे लागू करता येतो : आधी स्वच्छता, मग फितीची दुरुस्ती, आणि पडदा बदलण्याचा निर्णय सर्वांत शेवटी. बदललाच, तर काढलेली काच पुठ्ठ्यात गुंडाळून, तिच्यावर मॉडेलचे नाव आणि तारीख लिहून जपून ठेवावी.

योकोई १९९७मध्ये निवर्तले. त्यांनी निवडलेली स्वस्त काच आजही अनेकांच्या हातात उजेडाच्या दिशेने तिरकी धरली जाते. तिच्यावरची एखादी रेघ गेली असेल, तर उरलेल्या १५९ रेघा अजून साक्ष देत आहेत.

(थ्रेड समाप्त)