स्टेअरिंग जड झालं तेव्हा

कसारा घाट उतरताना आप्पांना पहिल्यांदा तो आवाज ऐकू आला. वळणावर स्टेअरिंग फिरवलं की इंजिनाच्या बाजूनं कुणीतरी कण्हल्यासारखा. गाडीत लासलगावचा कांदा भरलेला, पहाटे वाशीच्या मार्केटला पोचायचं होतं. आप्पांनी रेडिओ बंद करून कान दिला. मार्केटमध्ये गाडी रिव्हर्स घेताना मात्र कान देण्याची गरजच उरली नाही. चाक फिरेना. क्लीनरनं आत हात घालून ओढलं, तेव्हा कुठे गाडी धक्क्याला लागली.

दुसऱ्या दिवशी नाशिकला आडगाव नाक्याजवळच्या गॅरेजमध्ये मिस्त्रींनी तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं. तेलावर फेस होता. बोटावर तेल घेऊन त्यांनी उन्हात धरलं, तर त्यात चांदीच्या वर्खासारखे बारीक कण चमकत होते.

"आप्पा, पॉवरचा पंप गेला. नवीन टाकावा लागेल."

आप्पांनी किंमत विचारली, थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "बायपास करा. आम्ही काय पॉवरवर गाडी शिकलो होय?"

मी तिथेच खाटेवर बसले होते. गेली दोन वर्षं आप्पांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. भांगसुद्धा ते डाव्या हातानं पाडतात. तीस वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाच्या खांद्याचं असं होतं, यात कुणाला नवल वाटत नाही. आप्पांनाही नाही.

मी इतिहास शिकलेली मुलगी. पान्हा हातात धरता येत नाही, पण 'पूर्वी सगळं चालायचं' हे वाक्य कानावर पडलं की मी सावध होते. पूर्वी म्हणजे कधी, आणि चालायचं म्हणजे कुणाच्या जिवावर, हे विचारायची सवय लागली आहे.

आप्पा ऐंशीच्या दशकात क्लीनर म्हणून गाडीवर चढले. टेल्को आणि डाइमलर-बेंझ यांच्या १९५४च्या करारातून जमशेदपूरला ट्रक बनू लागले होते, आणि नंतरची कित्येक वर्षं आपल्या रस्त्यांवरचे बहुतेक ट्रक साध्या स्टेअरिंगचेच होते. पुढच्या दोन चाकांवर भरल्या गाडीचं पाच-सहा टन वजन, आणि ते वळवायला फक्त माणसाचे दोन हात. म्हणून त्या गाड्यांचं चाक परातीएवढं मोठं असे. जितका घेर मोठा, तितकी तरफ लांब. आतल्या गियरची रचनाही तशीच. ताकद कमी लागावी म्हणून चाक जास्त वेळा फिरवायचं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणताना ड्रायव्हर अर्धा उभा राही. लहानपणी मला ते आप्पांचं नाचणं वाटायचं.

यावर उपाय शोधणारा माणूसही ट्रकवाल्यांच्याच जगातला होता. फ्रान्सिस डेव्हिस हा अमेरिकेतल्या पिअर्स-अॅरो कंपनीच्या ट्रक विभागाचा मुख्य इंजिनिअर. जड गाड्या वळवताना ड्रायव्हरची काय दमछाक होते हे तो रोज पाहत होता. नोकरी सोडून त्यानं मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम गावात वर्कशॉप थाटलं आणि जॉर्ज जेसप या कारागिराच्या मदतीनं काम सुरू केलं.

तेलाच्या दाबानं चाक वळवायची कल्पना तशी अवघड नव्हती. अडचण होती ती दाब सतत कोंडून ठेवण्याची. कोंडलेला दाब कुठून ना कुठून गळतोच. डेव्हिसनं विचार उलटा केला. त्यानं तेल कोंडलंच नाही, वाहतं ठेवलं. शेतात दारं धरलेल्या माणसाला हे चटकन कळेल. पाटाचं पाणी वाहतच असतं. मातीचा बांध घातला की ते तिथं चढतं आणि हव्या त्या वाफ्यात वळतं. गाडी सरळ असते तेव्हा पंपातून निघालेलं तेल काही न करता टाकीत परत येतं. ड्रायव्हरनं चाक जरासं वळवलं की झडपेची वाट अरुंद होते, दाब चढतो आणि त्या बाजूला जोर लागतो. आजच्या ट्रकमध्ये हा दाब शंभर बारच्याही वर जातो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या दाबाच्या दहापटीहून जास्त.

१९२६ साली डेव्हिस आणि जेसप ही यंत्रणा बसवलेली गाडी घेऊन डेट्रॉइटला गेले. जनरल मोटर्सनं त्याच्याशी करार केला. मग महामंदी आली. खर्च भरून निघेल इतक्या गाड्या खपणार नाहीत, या हिशेबानं १९३४ मध्ये काम थांबलं. पुढे डेव्हिस बेंडिक्स कंपनीकडे गेला. दुसऱ्या महायुद्धात चिलखती गाड्यांना त्याचं स्टेअरिंग लागलं आणि युद्ध संपेपर्यंत दहा हजारांहून जास्त लष्करी गाड्यांवर ते बसलं होतं. १९५१ मध्ये क्रायस्लरनं आपल्या इम्पीरियल या श्रीमंतांच्या मोटारीत पॉवर स्टेअरिंग दिलं, तेही डेव्हिसच्या मुदत संपलेल्या पेटंटांच्या आधारानं.

हा क्रम मला अस्वस्थ करतो. ज्याला सुचलं त्यानं ट्रक ड्रायव्हरचे हात पाहिले होते. बाजारात मात्र ते आधी पोचलं ते गुळगुळीत रस्त्यावरून हलकी मोटार चालवणाऱ्यांच्या हातात. आपल्याकडे पुण्याजवळ वढू बुद्रुकला कारखाना असलेली झेडएफ स्टेअरिंग गियर ही कंपनी १९८१ साली स्थापन झाली. आप्पांच्या हाताखाली पॉवर स्टेअरिंगचा ट्रक यायला त्यानंतरही बरीच वर्षं गेली. तोवर खांद्यानं आपलं देणं देऊन टाकलं होतं. केबिनमधल्या एसीचंही तसंच. मोटारींमध्ये तो केव्हाच नेहमीचा झाला. मोठ्या आणि मध्यम ट्रकना तो सक्तीचा झाला १ ऑक्टोबर २०२५ पासून, आणि तोही फक्त नव्या बनणाऱ्या गाड्यांना.

"मिस्त्री," मी विचारलं, "बायपास केला तर गाडी आप्पांच्या जुन्या गाडीसारखी चालेल?"

मिस्त्री हसले. "जुनीसारखी? जुनीपेक्षा जड चालेल, ताई."

मग त्यांनी समजावलं. पॉवर स्टेअरिंग आलं तेव्हा नुसता एक पंप वाढला नाही, बाकीचं सगळं त्याच्या भरवशावर बदललं. चाक लहान झालं. गियर असे झाले की कमी फेऱ्यांत गाडी वळावी. पंप काढला तरी बॉक्समधला पिस्टन जागेवरच असतो, आणि मग ते तेल इकडून तिकडे ढकलायचं कामही ड्रायव्हरच्या हातांवरच येतं. परातीएवढं चाक गेलं ते गेलंच.

मी इतिहासाच्या वर्गात जे शिकले ते इतक्या सोप्या शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं. एखादी मदत काढून घेतली की आपण मदतीआधीच्या काळात परत जात नाही. तो काळ ज्या सवयींवर, ज्या अवजारांवर उभा होता, ती अवजारं तोवर मोडीत निघालेली असतात. आपण जातो ते तिसऱ्याच आणि आधीपेक्षा वाईट जागी.

आप्पा सगळं ऐकत होते. बिडी विझवून म्हणाले, "टाका नवा."

काम दुपारभर चाललं. आमच्या गाडीचा पंप बेल्टवर नाही, थेट इंजिनच्या गियरवर चालतो. त्याचं सील गेलं की तेल जमिनीवर न गळता इंजिनात उतरतं. टाकी महिनाभर कमी होत होती आणि खाली एक थेंब दिसत नव्हता, त्याचं कारण हे. मिस्त्रींनी पाइप सोडवले, जुना पंप काढला आणि उघडून दाखवला. रोटरच्या खाचांमध्ये सरकणाऱ्या पट्ट्या झिजल्या होत्या, त्या ज्या कड्याला घासत फिरतात त्यावर लाटा उमटल्या होत्या. तेलातला चांदीचा वर्ख तिथला होता.

नवा पंप लगेच बसवला नाही. आधी सगळं जुनं तेल काढलं, पाइप धुतले, टाकीतला फिल्टर बदलला. "नुसता पंप बदलला तर जुना कचरा नव्याला खातो," मिस्त्री म्हणाले. मग पुढची चाकं जॅकवर उचलली, नवं तेल भरलं आणि इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. टाकीत बुडबुडे येत राहिले. तेल खाली गेलं की पुन्हा भरायचं. बुडबुडे थांबल्यावर इंजिन चालू करून तेच पुन्हा. टोकाला नेऊन चाक दाबून धरायचं नाही, तेवढ्यानंही पंप तापतो.

संध्याकाळी आप्पा केबिनमध्ये चढले. गाडी जागेवरच वळवायची होती. कण्हणं थांबलं होतं. त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवला आणि एकट्या डाव्या हातानं चाक फिरवलं, सावकाश, पूर्ण.

मी खालून पाहत होते. आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "बस आता. अंधार पडायच्या आत घरी जाऊ."